सात मिनिटे पुढे

बाई तिसऱ्यांदा उठून गॅस बंद आहे ना ते पाहून आल्या. गॅस बंदच होता. चहा होऊन तास लोटला होता, कपही विसळून पालथे घातलेले होते. परत येऊन त्यांनी टेबलावरचा कागद उचलला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि तीच ओळ पुन्हा वाचली. मग कागद उपडा घालून त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला. खोलीत वाऱ्याची झुळूकही नव्हती, तरी.

"अगं, बस की जरा एका जागी," खिडकीपाशी बसलेले पार्सलबाबू म्हणाले. "पायाला भिंगरी बांधलीय का सकाळपासून?"

पार्सलबाबू म्हणजे बाईंचे यजमान. स्टेशनातल्या पार्सल ऑफिसातून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षे झाली, पण गावाने दिलेले नाव काही निवृत्त झाले नाही. बाईंचेही तसेच. चित्रकला शिकवणे सोडून जमाना झाला, तरी भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांच्या त्या अजून बाईच.

"तुम्ही वाचलंत का हे?"

"वाचलं ना. छान लिहिलंय पोरीनं."

"काय लिहिलंय?"

"तेच आपलं... स्टेशनची माहिती." पार्सलबाबूंनी वर्तमानपत्राची घडी मोडली, पुन्हा घातली. "ते घड्याळ बघ आपलं, दम टाकतंय. सेल संपला वाटतं."

भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा आठाच्या आकड्यापाशी अडकून जागच्या जागी फडफडत होता. पुढे जायचे आणि जाता येत नाही, अशी त्याची अवस्था. बाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि मान फिरवली. एरवी त्यांनी लगेच स्टूल ओढले असते. या घरात चढायचे पार्सलबाबूंनी आणि स्टूल धरायचे बाईंनी, अशी पन्नास वर्षांची वाटणी होती. पण आज त्यांचे कशातच लक्ष नव्हते.

स्टेशनला सव्वाशे वर्षे होत होती. उद्या समारंभ होता आणि तिकीटघराच्या भिंतीवर स्टेशनचा इतिहास नि सोयी सांगणारा मोठा फलक लागायचा होता. नव्या स्टेशन मास्तरबाईंनी हौसेने मजकूर लिहिला होता आणि त्याची एक प्रत सकाळीच बाईंकडे पाठवली होती. 'आपल्या वडिलांनी चौतीस वर्षे स्टेशनच्या घड्याळाला चावी दिली. काही चुकले असल्यास कळवावे. रंगारी चारच्या सुमारास शेवटच्या ओळींवर येईल.'

मजकूर खरोखर चांगला होता. इंजिनांना पाणी पाजणारी टाकी, तारघर, बायकांच्या वेटिंग रूममधल्या लांब हाताच्या खुर्च्या, सामान ठेवायच्या खोलीत दोन वर्षे बेवारस पडून राहिलेली आणि पावसाळ्यात आपोआप सूर धरणारी बाजाची पेटी, सगळे त्यात होते. बाई वाचता वाचता दोनदा हसल्याही होत्या. आणि मग घड्याळाचा परिच्छेद आला.

स्टेशनला घड्याळे दोन. आतले, फलाटावरचे, खऱ्या वेळेचे. बाहेरचे मोठे, कमानीच्या वर, गावाकडे तोंड केलेले, ते सात मिनिटे पुढे. कुणा जुन्या स्टेशन मास्तरने म्हणे बाजाराच्या कोपऱ्यापासून फलाटापर्यंत स्वतः चालून पाहिले, सात मिनिटे लागली, म्हणून सात. गावच उशिरा निघणारे, तेव्हा घड्याळाने तरी लवकर निघावे! महिनाभरात गावाला हे गुपित कळले आणि जो तो मनातल्या मनात पाच वजा करू लागला. तरी दोन मिनिटांचा फायदा राहिलाच. पुरते सात वजा करायचे धाडस फक्त एका घरात होते, ते म्हणजे घड्याळाला चावी देणाऱ्या आप्पांच्या, बाईंच्या वडिलांच्या घरात. बाईंनी ती सवय सासरीही आणली. भिंतीवरचे ते फडफडणारे घड्याळही सात मिनिटे पुढेच होते.

हे सगळे कागदावर बरोबर उतरले होते. घोटाळा पुढच्या तीन ओळींत होता. 'वरिष्ठांची तपासणी वर्षातून दोनदाच, जानेवारीत आणि जुलैत होत असे. तेवढे दोन दिवस घड्याळ खऱ्या वेळेवर आणले जाई, असे नुकत्याच सापडलेल्या घड्याळाच्या वहीवरून दिसते. या घड्याळामुळे एकाही प्रवाशाची गाडी कधी चुकली नाही.'

बाईंची गाडी चुकली होती. ऑक्टोबरच्या नऊ तारखेला.

तेव्हा बाई बाई नव्हत्या. बावीस वर्षांची पोर होती, हात चित्रकलेत असा बसलेला की गावाचा नकाशा तिने नुसत्या आठवणीने, गल्लीबोळांसकट काढला होता. त्याच नकाशावर तिला दूरच्या शहरातल्या नकाशा कचेरीत नोकरी मिळाली. दुसऱ्या दिवशी बारापर्यंत हजर व्हायचे, नाही तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. गाडी दुपारी दोन दहाची. स्टेशनात ती वीस मिनिटे थांबायची, इंजिन पाणी घ्यायचे. आप्पांचे रेल्वेतले घर रस्त्याच्या पलीकडे, कमानीच्या बरोबर समोर. खिडकीत बसले की घड्याळ तोंडासमोर.

आई बॅगेला दोरी बांधत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती. घड्याळात दोनला दहा कमी असताना गाडी फलाटात शिरल्याचा आवाज आला. पोरीने सात वजा केले आणि टाळी वाजवली. "आई, गाडी आज सात मिनिटं लवकर आली!"

"या गाडीला कुणाच्या लग्नाला जायचंय आज?" आई म्हणाली. त्या गाडीने जन्मात कधी लवकर यायचे नाव घेतले नव्हते. दोघी हसत बसल्या. सात मिनिटे फुकटात मिळाली होती, ती त्यांनी एकमेकींजवळ बसून खर्च केली. घड्याळात दोन नऊ झाल्यावर पोर उठली, म्हणजे तिच्या हिशोबाने दोन दोनला. भर रस्त्यात असतानाच शिट्टी झाली. ती धावत फलाटावर पोहोचली तेव्हा शेवटच्या डब्याचा लाल दिवा तेवढा दिसत होता.

तिथे तिच्यापुढे पाण्याचा पेला आला. पार्सल ऑफिसातला लाजरा कारकून तो घेऊन उभा होता. त्याने तिला पार्सलच्या खोक्यावर बसवले आणि तो एक शब्दही बोलला नाही. दीड वर्षाने त्याच्याशीच तिचे लग्न झाले.

घड्याळ त्या दिवशी खऱ्या वेळेवर होते, एवढे तिला फलाटावरच कळले. पण तपासणीच्या दिवशी हमाल बाजारापर्यंत घंटा वाजवत जायचा, म्हणजे लोक वजाबाकी करत बसू नयेत. त्या दिवशी घंटा झाली नव्हती. "आप्पा, अचानक तपासणी आली का हो?" तिने संध्याकाळी विचारले होते. आप्पांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे कुणी पाहिले नाही. तेव्हापासून ते आगंतुक साहेब घरच्या गोष्टीत कायमचे येऊन बसले. "त्या मेल्या साहेबानं आमचं लग्न जुळवलं," असे बाई शेकडो वेळा सांगत आल्या होत्या. ऐकताना लोक हसायचे, आणि पार्सलबाबूंना नेमका तेव्हाच चष्मा सापडत नसे.

"मी स्टेशनवर जाऊन येते," बाई उठल्या.

"एवढ्या उन्हात? फोन करून सांग ना काय ते."

"वही बघायचीय मला."

"मी बघून येतो की." पार्सलबाबू चटकन उभे राहिले. "तू बस. माझ्या चपला कुठे गेल्या?"

"पायातच आहेत."

त्यांनी खाली पाहिले. बाई तोवर छत्री घेऊन फाटकाबाहेर पडल्या होत्या.

बाजाराच्या कोपऱ्यापासूनची ती सात मिनिटे आता बाईंना एकोणीस लागत. आज कशी कोण जाणे, चौदातच संपली. वाटेत दोघातिघांनी नमस्कार केला, तो त्यांना पुढे गेल्यावर कळला. कमानीवरचे घड्याळ दुरुस्त होऊन पुन्हा बसले होते. त्यात तीन वाजून एकावन्न मिनिटे झाली होती. बाईंनी सवयीने सात वजा केले, मग थबकल्या. ते आता कुठून तरी तारेतून वेळ घेते, चुकायची सोय नाही, असे कुणीतरी सांगितले होते.

तिकीटघरात रंगाचा वास कोंडला होता. फलक दोन लाकडी घोड्यांवर आडवा ठेवला होता आणि मिशा पिकलेला रंगारी ब्रश कानावर अडकवून बिडीला काडी लावत होता. बाईंना पाहताच त्याने बिडी पाठीमागे लपवली.

"लपवतोस काय? पन्नाशी उलटली तुझी," बाई म्हणाल्या. "आणि तुझा 'ळ' अजून लंगडाच आहे."

"तुम्ही सातवीतच सांगितलं होतं बाई, सुधारायचा नाही म्हणून. मी तुमचा शब्द पाळला."

एरवी बाईंनी दोन शब्द आणखी सुनावले असते. आज त्या त्याच्या खांद्यावरून फलक वाचत होत्या. 'या घड्याळामुळे' इतके रंगवून झाले होते. पुढे खडूच्या दोन फिकट रेघा रिकाम्या होत्या.

स्टेशन मास्तरबाई ऑफिसातून हसत बाहेर आल्या. वय तिशी-बत्तिशीचे, चालणे मात्र सतत गाडी सुटत असल्यासारखे. "या ना आजी! काही चुकलंय का माझं?"

"वही बघू."

"बघा ना. इतकी गोड वही आहे! तुमच्या वडिलांचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. घड्याळाच्या मागच्या फळीआड होती. मी मधलीच काही वर्षं चाळली, सगळी कुठे वाचायला मिळतात?"

टेबलावर लांबट, जाड पुठ्ठ्याची वही आली. रकाने आप्पांनी स्वतः आखलेले. तारीख. चावी. किती मिनिटे पुढे. बदलाचे कारण. घड्याळ कोणी लावले. शिडी कोणी धरली. हा शेवटचा रकाना का, ते बाईंना ठाऊक होते. आप्पांच्या आधीचा माणूस शिडीवरून पडून कायमचा अधू झाला, तेव्हापासून नियमच होता, एकाने चढायचे, एकाने धरायचे आणि दोघांनी सही करायची. रोजची शिडी हमालच धरायचा. त्याच्या सहीच्या जागी पानोपान शाईतला अंगठा होता.

बाईंनी पाने उलटली. बोटाला थुंकी लावायची सवय नव्हती, आज लावली. जुलै. सात पुढे, सात पुढे, मग एक दिवस शून्य, कारण 'तपासणी', आणि पुन्हा सात. ऑगस्ट. सप्टेंबर. ऑक्टोबर.

नऊ तारखेला दोन नोंदी होत्या. सकाळी आठ, मिनिटे शून्य. संध्याकाळी सहा, मिनिटे सात. संध्याकाळच्या नोंदीपुढे हमालाचा अंगठा होता.

सकाळच्या नोंदीत, बदलाच्या कारणाच्या रकान्यात, त्या छापील अक्षरात एकच शब्द होता. 'घरगुती.'

बाईंनी तो शब्द दोनदा वाचला. असे आप्पा. पोटच्या पोरीची गाडी चुकवली, पण वहीत 'तपासणी' असे खोटे लिहिणे त्यांच्या हातून झाले नाही. पुढच्या वर्षी त्यांनी तिला कलत्या फळीचे चित्राचे टेबल स्वतः करून दिले होते. महिनाभर रंधा मारत होते अंगणात. कशासाठी हो आप्पा, म्हटल्यावर त्यांनी तशीच मान हलवली होती. बाईंना त्या क्षणी राग यायला हवा होता. आला तो हसण्याच्या जवळचा काहीतरी उमाळा, आणि तोही अर्धाच, कारण त्यांची नजर आणखी दोन रकाने पुढे गेली होती.

शिडी कोणी धरली. तिथे अंगठा नव्हता. सही होती. शेवटचे अक्षर खाली ओढून त्याला गाठ मारल्यासारखी केलेली. मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर, लग्नाच्या नोंदीवर, दर वर्षीच्या पेन्शनच्या कागदावर बाईंनी ती पाहिली होती. आंधळ्यासारखी बोटाने चाचपूनही ओळखली असती.

सकाळी आठ. गाडी दोन दहाला. आणि फलाटावर ती धापा टाकत पोहोचली तेव्हा पेला भरूनच आणलेला होता.

"आजी, पाणी देऊ का?" मास्तरबाईंनी विचारले.

"नको." बाई जरा जोरातच म्हणाल्या. मग हळू आवाजात, "पाणी नको. ती शेवटची ओळ बदला."

"कुठली? 'एकाही प्रवाशाची'?"

"हो. 'एक सोडून' करा."

मास्तरबाईंनी वहीकडे पाहिले, बाईंकडे पाहिले. बाईंनी वही मिटली होती. "'या घड्याळामुळे एक सोडून कुणाचीही गाडी कधी चुकली नाही.' असं? छान वाटेल का पण ते, समारंभात?"

"छान नाही वाटणार. बरोबर आहे."

"बाई, कोण होतं ते?" रंगाऱ्याने ब्रश रंगात बुडवत विचारले.

"होती एक मुलगी."

"मग काय झालं तिचं?"

"काय व्हायचंय? तुझ्यासारख्यांचे 'ळ' सुधारत बसली."

रंगाऱ्याचा हात फलकावर टेकता टेकता थांबला. मग त्याने मान खाली घातली आणि 'एक' हा शब्द जितक्या जपून काढला तितक्या जपून त्याने फलकावरचे दुसरे एकही अक्षर काढले नव्हते.

परतताना बाईंना वेळ किती लागला ते कळले नाही. पार्सलबाबू फाटकापाशीच उभे होते. बाहेर जायचा सदरा घातला होता, पण गुंड्या एकेक घर चुकलेल्या. कधीपासून उभे होते कोण जाणे.

"आलीस?"

"आले."

"होती वही?"

"होती."

ते वाट पाहत राहिले. बाई त्यांच्या बाजूने आत गेल्या, छत्री खुंटीला लावली, खणातून नवा सेल काढला आणि स्टूल ओढत भिंतीपाशी नेले. सेकंदकाट्याची फडफडही आता थांबली होती.

"थांब, थांब. मी चढतो," पार्सलबाबू मागोमाग आले. "तू धर."

"नाही. आज मी चढते."

"डोकं फिरलंय का? या वयात पडून हाडं मोडून घ्यायचीत?"

"म्हणून तर तुम्ही धरा," बाई म्हणाल्या. "सवय आहे तुम्हाला."

पार्सलबाबूंचा पुढे आलेला हात तसाच राहिला. दूर स्टेशनात एक मालगाडी न थांबता निघून गेली. मग ते वाकले आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्टूल धरले.

बाई वर चढल्या. भिंतीला एक हात टेकून त्यांनी घड्याळ काढले, उलटे करून जुना सेल काढला, नवा घातला. सेकंदकाटा एकदा दचकला आणि चालू लागला.

"किती वाजले?"

पार्सलबाबूंनी हात न सोडता मनगट कलते करून पाहिले. "पाच... पाच वाजून नऊ." थोड्या वेळाने, स्टुलाशी बोलावे तसे ते म्हणाले, "मला नुसतं म्हणाले, चल, शिडी धर. कशाला ते वर गेल्यावर सांगितलं. धरलेली शिडी मधेच सोडता येत नाही गं."

बाई काटा फिरवत होत्या.

"आणि ते खाली उतरल्यावर?"

खाली स्टूल तेवढे आणखी घट्ट धरले गेले.

बाईंनी काटा पाच वाजून नऊवर आणला. त्यांचे बोट सवयीने काट्यावरच राहिले, आणखी सात मिनिटे पुढे ढकलण्यासाठी. मग त्यांनी ते उचलले. घड्याळ खिळ्याला अडकवले, दोन्ही बाजूंनी पाहून सरळ केले. काम झाले होते. पण त्या लगेच उतरल्या नाहीत. भिंतीला हात टेकून काट्याकडे पाहत उभ्या राहिल्या, आणि खाली पार्सलबाबूंनीही, उतर आता, असे म्हटले नाही.